सहाशे चाळीस वाक्यं

“काका, परत एकदा घेऊ. शेवटचा शब्द गिळला गेला.”

काचेपलीकडे मानुगडे काकांनी कोमट पाण्याचा घोट घेतला, मांडीवरच्या कागदावर बोट ठेवलं आणि पुन्हा वाचलं, “इंदू, फुडं पायरी हाय. उजवा पाय टाक.”

“हे छान आलं.”

“मग मगाचं काय वाईट होतं?” ते म्हणाले. “तुझं आमच्या डेपो मॅनेजरवाणी हाय. गाडी टायमात आली तरी तो म्हणायचा, घड्याळच चुकलं असंल.”

मी हसले. तेव्हा मला हसू लवकर यायचं. सव्वीस वर्षांची होते, मिरजेत पेंडसे सरांच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचं काम करत होते आणि या कामातलं आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, त्यातला प्रकार.

काकांनी सत्तावीस वर्षं एस.टी. स्टँडवर गाड्यांच्या घोषणा केल्या होत्या. ‘जतकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे’ हे वाक्य ते असं म्हणत की जतला जायचं नसलेला माणूसही पिशवी उचलून उभा राही. निवृत्तीनंतर दोन वर्षांत गळ्यात गाठ निघाली. येत्या बुधवारी ऑपरेशन होतं आणि त्यात स्वरयंत्रच काढून टाकायचं होतं. काका वाचणार होते, पण आवाज जाणार होता.

दवाखान्यात बोलण्याचे उपचार करणाऱ्या बाईंनी त्यावर तोड काढली होती. काकांनी आधीच वाक्यं बोलून ठेवायची. ती एका टॅबलेटमध्ये भरायची. नंतर काकांनी चित्रावर बोट ठेवलं की त्यांच्याच आवाजात ते वाक्य ऐकू येणार. बाईंनी चारशे वाक्यांची यादी दिली होती. मला पाणी हवं आहे, मला दुखतंय, डॉक्टरांना बोलवा, अशी. काकांनी ती वाचली आणि म्हणाले, “हे समदं मला पायजे ते हाय. तिला पायजे ते कुठाय?” आणि घरी बसून आणखी दोनशे चाळीस वाक्यं स्वतःच्या अक्षरात लिहून आणली.

तिला म्हणजे इंदूकाकूंना. त्या नवव्या वर्षी देवीच्या तापात दोन्ही डोळ्यांनी गेलेल्या. आवाज गेल्यावर दुसरा कुणी पाटीवर लिहून दाखवेल, पण या घरात ते वाचणार कोण? त्या रोज काकांबरोबर येत, थर्मासमध्ये कोमट पाणी आणत आणि बाहेरच्या बाकावर बसून राहत. त्यांनीच मला सांगितलं होतं, “बाबा मला डोळं दावाय मिरजंला आणायचं. स्टँडवर ह्यांचा आवाज आला. डोळं काय आलं न्हाईत, पर मी हितंच ऱ्हायली.” आणि आतून काका म्हणाले होते, “खोटं सांगतीया. तिची गाडी चुकली होती.”

अकरा दिवसांत सहाशे चाळीस वाक्यं पूर्ण झाली. जाताना काकांनी विचारलं, “आता हे ऱ्हातं कुठं?”

पेंडसे सरांनी त्यांना टेबलाखालची काळी पेटी दाखवली. सर रेडिओतून निवृत्त झालेले, समजावून सांगायची भारी हौस. पेटीत पाच कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात एक हार्ड डिस्क. ही पेटी कॉम्प्युटरला बाहेरून जोडलेली असते आणि या पद्धतीला रेड म्हणतात, हे सांगून ते म्हणाले, “मानुगडे, तुमचा आवाज पाचही जणींत वाटून ठेवलाय. घरात पाच बहिणी असल्या आणि एक सासरी गेली, तरी ती काय बोलली असती ते बाकीच्या चौघी मिळून सांगतातच की. तसं. एक डिस्क मेली तरी तुमचा शब्द जायचा नाही.”

“दोन मेल्या तर?” काकांनी विचारलं.

“मग मात्र रडारड. पण दोन एकदम कशाला मरतील?”

बहिणींनी आपापल्या जागा सोडायच्या नसतात, हे सरांनी तेव्हा सांगितलं नाही. मलाही कधी सांगितलं नव्हतं. सांगायची वेळ येईल असं त्यांना वाटलं नसावं. पेटीवर इतका विश्वास होता की आम्ही दुसरीकडे प्रत काढली नाही. रेकॉर्डरमधलं कार्ड रोज रिकामं करून दुसऱ्या दिवशी वापरत होतो. वाक्यं कापून, साफ करून मगच बाईंकडे द्यायची असं ठरलं होतं.

बुधवारी ऑपरेशन झालं. नीट झालं. नंतरच्या आठवड्यात खंडेनवमी आली.

सर दसऱ्याला मुलीकडे हुबळीला गेले होते. पूजा माझ्यावर सोपवून गेले होते. त्यांच्या हिशेबी पूजा म्हणजे मिक्सरवर एक फूल आणि माइकला हळदकुंकू. पण मी विट्याची, यंत्रमागाच्या घरातली. आमच्याकडे खंडेनवमीला माग बंद ठेवतात आणि जो भाग निघेल तो काढून पुसतात. आडवं सूत नेणारे धोटे, कांड्या, पाने, पक्कड, सगळं रॉकेलच्या फडक्यानं पुसून ओळीनं पाटावर मांडतात. वरवर पुसलेल्या मागाची पूजा म्हणजे पारोशा अंगाला गंध, असं माझे वडील म्हणत. तेव्हा मी पेटी रीतसर बंद केली आणि पाचही डिस्क बाहेर काढल्या. कप्प्यांत कापसासारखी धूळ साठली होती. मला बरंच वाटलं. सरांनी इतक्या वर्षांत कधी आत फडकं फिरवलेलं नाही, हे त्यांना आल्यावर ऐकवायचं असं मी ठरवलं.

पाचही डिस्क पाटावर मांडल्या. प्रत्येकीला हळदीचं बोट, कुंकवाचं बोट, एक एक झेंडू. माइक, हेडफोन आणि वायरी त्यांच्या मागे. नारळ फोडला. संध्याकाळी पाट आवरताना डिस्क पुसून पुन्हा कप्प्यांत सरकवल्या. कुठली कुठून काढली होती ते मी बघितलं नव्हतं. धोटा कुठल्याही मागाला चालतो.

दसऱ्याची सुट्टी झाली. एकादशीला सकाळी दहाला मी स्टुडिओ उघडला, पेटी सुरू केली. पडद्यावर एक चौकट आली. या डिस्क ओळखता येत नाहीत, वापरासाठी तयार करायच्या का, असं त्यात इंग्रजीत होतं. खाली दोन बटणं. सुट्टीनंतर मागही पहिली दहा मिनिटं कुरकुरतो. मी ‘हो’ दाबलं.

आकडा सुरू झाला. एक टक्का. दोन टक्के. मी झाडू मारला, उदबत्ती लावली, परत आले. चार टक्के झाले होते. सहज म्हणून मी पेटीतली यादी उघडली. ती रिकामी होती.

भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग नव्हतं. साड्यांच्या दुकानाची जाहिरात नव्हती. मानुगडे काकांच्या नावाचं खातं नव्हतं. बाकीच्यांच्या प्रती त्यांच्या त्यांच्याकडे होत्या. काकांची कुणाकडेच नव्हती.

मी खुर्चीत बसले. पाच टक्के झाले. पेटीचं बटण माझ्या डाव्या पायाजवळ होतं, वाकलं असतं तर हात पोचला असता. बंद करावं असं एकदा मनात आलं. पण बंद केलं की काहीतरी बिघडलंय असं ठरणार होतं. चालू होतं तोवर ते तयार होत होतं. पूर्ण झालं की सगळं जागच्या जागी दिसेल, असं मी स्वतःला सांगत होते आणि माझा त्यावर विश्वास नव्हता. भीती वाटायला हवी होती. तीही वाटत नव्हती. हातपाय दुसऱ्या कुणाचे असावेत तसे खुर्चीत पडून होते. सरांना फोन करायचं सुचलं आणि मी केला नाही.

दीड वाजता मी डबा खाल्ला. फ्लॉवरची भाजी होती, दोन पोळ्या होत्या, लिंबाचं लोणचं होतं. सगळं संपवलं. याचं मला आजही नवल वाटतं. सहा वाजता एकाहत्तर टक्के झाले होते. मी कुलूप लावून घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले तेव्हा शंभर होते आणि पाचही दिवे हिरवे होते.

सर रविवारी आले. मी त्यांना पूजेचं सांगितलं. डिस्क काढल्या, पुसल्या, परत घातल्या, इतकं खरं सांगितलं. ते खाली बसून कप्प्यांकडे बघत राहिले.

“मशीननं काही विचारलं होतं का तुला?”

“नाही,” मी म्हणाले. “एकादशीला पेटी सुरू करून लगेच घरी गेले. बारशीला आले तेव्हा हे असंच होतं.”

“आपोआप सुरू झालं म्हणजे.”

“हो.”

“नंबर घालून ठेवायला हवे होते मी,” सर म्हणाले. “साधी चिकटपट्टी लावायची होती. तुझी काय चूक.” त्यांचा चेहरा आठ दिवस तापानं झोपलेल्या माणसासारखा झाला होता. मी त्यांच्यासाठी चहा केला.

मग त्यांनी पुण्याला, अशा डिस्कमधलं गेलेलं काढून देणाऱ्या माणसाला फोन लावला. फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात लावला, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं.

“क्रम चुकला एवढंच असतं तर दहा मिनिटांचं काम होतं,” तो म्हणाला. “पण त्यानंतर तयार करायचं काम किती चाललं?”

“पूर्ण झालंय.”

“अरेरे. ते सगळ्या जागेवर नवीन लिहीत जातं हो. मध्येच कुणी प्लग ओढला असता तरी चाललं असतं. चारपाच टक्क्यांवर थांबलं असतं तर मी तुम्हाला जवळजवळ सगळं काढून दिलं असतं.”

“आम्हाला कळलंच नाही,” सर म्हणाले. “झाल्यावरच पाहिलं.”

मी पेनाला टोपण लावलं. टोपण बसलेलंच होतं, तरी ते मी पुन्हा काढलं आणि लावलं.

डिस्क पुण्याला पाठवल्याच. बारा दिवसांनी परत आल्या. नऊ वाक्यांचे तुकडे मिळाले होते, त्यांतलं एकही पुरतं नव्हतं.

काका-काकू आले ते त्यानंतर दोन दिवसांनी. काकांच्या गळ्यावर पांढऱ्या कापडाचा पडदा होता आणि त्याआडून श्वासाचा आवाज येत होता. बगलेत पाटी. काकूंनी त्यांचा दंड धरला होता. महिनाभर त्यांच्या घरात कुणी कुणाशी बोललेलं नव्हतं. काका टाळी वाजवत, काकू उठत, एवढंच. टाळी कशासाठी हे त्यांना अंदाजानं ओळखावं लागे, आणि एकदा अंदाज चुकून पाय भाजला होता. हे त्या आनंदानं सांगत होत्या, कारण आज ते संपणार होतं.

सरांनी सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, हात जोडून. पूजेचं, पेटीचं, पुण्याचं सगळं. माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही.

काकू म्हणाल्या, “समदंच गेलं?”

“समदंच,” सर म्हणाले. आयुष्यभर शुद्ध बोललेला माणूस.

काकांनी पाटी काढली, लिहिलं आणि आमच्यापुढे धरली. काकूंनी विचारलं, “काय लिवलंय त्यांनी?” सरांना वाचवेना, म्हणून मी वाचलं. “मशीन हाय. चालायचंच.”

“पुन्यांदा वाच.”

“मशीन हाय. चालायचंच.”

काकू म्हणाल्या, “दवाखान्यातल्या बाईंनी मशीनचाच आवाज दावला मला. ती कोन परमुलखातली बाई बोलतीया वाटतं. तशी मला इंदू म्हनाय लागली तर मी वळायची न्हाई.” आणि माझ्या दिशेनं मान करून, “अकरा दिस तू त्यांच्याम्होरं बसलीस. ते कसं बोलत्यात तुला ठावं हाय. तूच भर की.”

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. हो म्हणून.

पाच दिवस आम्ही रेकॉर्डिंग केलं. आता काचेआड मी होते आणि माझ्या खुर्चीत काका. यादी त्यांच्याच अक्षरातली. “इंदू, फुडं पायरी हाय” मी म्हणे आणि ते हातानं दाखवत, इथं चढव, इथं सोड. न पटलं तर पाटी वर करत. तिच्यावर ‘परत’ लिहून ठेवलं होतं, ते त्यांनी पाच दिवस पुसलंच नाही. एक वाक्य तर मी चौदा वेळा बोलले. ते वाक्य होतं, “रुसलीस व्हय?” चौदाव्या वेळी ते हसले. आवाज न करता हसणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

सांगून टाकावं असं त्या पाच दिवसांत कितीदा तरी वाटलं. आम्ही दोघंच होतो. पण ते इतके मन लावून शिकवत होते की मधेच थांबवून काय सांगणार, असं मी म्हणायचे. खरं म्हणजे माझी छाती होत नव्हती.

त्यानंतर सहा वर्षं मानुगडे काका माझ्या आवाजात बोलले. एकदा मंडईत मी भाजी घेत होते आणि मागून कुणीतरी माझ्या आवाजात म्हणालं, “इंदू, थांब, रिक्षा येतीया.” “थांबली न्हवं का,” काकूंचा आवाज आला. “किती घाई तुमची.” मी वळून पाहिलं नाही. मेथी तिथंच टाकून घरी आले. पुढे माझं लग्न झालं, मी कोल्हापूरला गेले, ते काम सुटलं. पेंडसे सर वारले. शेवटपर्यंत ते भेटेल त्याला चिकटपट्टीची गोष्ट सांगत आणि स्वतःला नावं ठेवत.

मग काकांचं दुखणं उलटलं आणि ते गेले. मला महिन्यानं कळलं. त्या दिवशी मी ठरवलं की आता काकूंना सांगायचं. का ठरवलं, हे नीट सांगता येणार नाही. सर नव्हते, काका नव्हते. चार टक्क्यांचं माहीत असलेली मी एकटीच उरले होते आणि ते मला सहन होत नव्हतं.

दुपारी त्यांच्या दारात उभी राहिले. काकू कॉटवर बसून शेंगा फोडत होत्या. मी म्हणाले, “काकू, मी आलेय.”

त्या ताडकन उठल्या. मांडीवरचं सूप खाली पडलं. “आलासा?” त्या म्हणाल्या, आणि तशाच उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा आधी उजळला आणि मग हळूहळू विझत गेला.

“पद्मा व्हय,” त्या म्हणाल्या. “बस, पोरी.”

मी शेंगा गोळा करून सुपात घातल्या. त्यांनी पाणी दिलं. सगळं घर त्यांना पाठ होतं. मग मी सांगितलं. चौकट, बटण, चार टक्के, पायाजवळचा स्विच, डबा. सरांशी खोटं बोलले ते. पुण्याचा माणूस काय म्हणाला ते. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. पाढे म्हणावेत तसं सांगत गेले. काकू खाली मान घालून ऐकत होत्या आणि शेंगा फोडत होत्या. मधे त्यांचे हात थांबले.

“ह्यांना ठावं होतं?”

“नाही.”

“मास्तरास्नी?”

“सरांनाही नाही. त्यांना शेवटपर्यंत आपलीच चूक वाटली.”

“आन् तू बसून ऱ्हायलीस.”

“हो.”

“का गं?”

“माहीत नाही, काकू.”

खाली कुणीतरी हापसा मारत होतं. तो थांबला तेव्हा त्या म्हणाल्या, “माफ केलं म्हनावं म्हनून आलीस. तर केलं. वय न्हवतं तुझं, घाबरलीस. माझं काय त्याबद्दल म्हननं न्हाई.”

मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकले. त्यांनी माझा हात वरचेवर धरला.

“पर हे तू कागदावर लिवून धाडायचं हुतंस. शेजारच्या कुनीबी वाचून दावलं असतं. तुझ्या तोंडून नगं हुतं. सा वर्सं ह्याच आवाजात मला उठवलं, जेवाय घातलं, वाट दावली. माझ्या लेखी ह्यो आवाज त्यांचा हाय. त्यातनं मला कवा खोटं ऐकाय लागलं न्हवतं.”

त्यांनी माझा हात सोडला आणि शेंगांचं सूप चाचपून जवळ ओढलं.

मी उठले. दाराशी येऊन चपला घातल्या. निघताना ‘येते’ म्हणायची आपल्याकडे रीत आहे. मी काही न बोलता जिना उतरले.